बिबट्याखालच्या दोन ओळी

१

"तुम्ही आमच्या बाबांचं नाक कापलंत!" यशराजदादा फोनवर ओरडले, तेव्हा मी देवासला माझ्या घरी बसून एका निवृत्त प्राचार्यांच्या कवितासंग्रहातून गुलाबी रंग उपसून काढत होते.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते अजून कळलेलं नाही. हल्ली लोक आपलं पुस्तक आपणच काढतात. छापतही नाहीत, मोबाइलवर वाचायचं ई-पुस्तक करतात. लेखक मला फाइल पाठवतो. वरवर ती साधी दिसते, पण प्रत्येक शब्दामागे न दिसणारा कोड साचलेला असतो. हे जाड कर, हे तिरकं कर, हे जांभळं कर, नको, परत काळं कर. लेखकानं हौसेनं दाबलेलं प्रत्येक बटण तिथं आपली खूण सोडून जातं. कागदावर ते खपून जातं, मोबाइलवर मात्र अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. तो सगळा कचरा काढायचा आणि शब्दाला हात लावायचा नाही, हे माझं काम. मी, अल्पना, गेली कित्येक वर्षं हेच करतेय आणि लेखक नावाच्या प्राण्यावरचा माझा विश्वास केव्हाच उडाला आहे.

"झालं काय, दादा?"

"बिबट्याच्या धड्याखाली बघा!"

धारच्या भैयासाहेबांचं पुस्तक होतं ते. यशराजदादा त्यांचे चिरंजीव. भैयासाहेब मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले, घराणं जुनं, आवाज त्याहून जुना. पुस्तकाचं नाव 'नालछ्याचा बिबट्या आणि इतर पराक्रम'. ते साफ करून मी दिलं होतं आणि त्याच सकाळी माळव्यातल्या मराठी समाजाच्या ग्रुपवर त्याची लिंक गेली होती. मी धडा उघडला. भैयासाहेब नालछ्याच्या रस्त्यावर नुसत्या काठीनिशी बिबट्याला पिटाळून लावतात, टाळ्या, धडा समाप्त. आणि त्याखाली:

"बिबट्या नव्हता. वकील निळकंठरावांचा कुत्रा होता, मोत्या. दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांना माफी मागायला पाठवलं होतं."

मला हसू आलं. मग भीती वाटली. कारण ग्रुपवर लोक आधीच हसत सुटले होते आणि कोणीतरी कुत्र्याचा फोटोही टाकला होता.

"हे मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"मग कोणी? आमच्या फाइलीत तर नव्हतं! प्रत्येक धड्याखाली असलं काहीतरी घातलंय. रविवारी बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. धार, देवास, इंदूरचा सगळा समाज हॉलमध्ये येणार. बाबा स्टेजवरून तुमचं नाव घेऊन सांगणार आहेत, की ह्या बाईंनी पुस्तकात घाण कालवली."

"मी शेवटची प्रत तुम्हाला तपासायला पाठवली होती. 'पाहून घेतो' म्हणालात आणि लगेच पसंतीच्या अंगठ्याचं चित्र पाठवलंत."

"मी पाहिलं ना," ते जरा नरमले. "वरवर पाहिलं."

वरवर! ह्या एका शब्दापायी माझे केस पांढरे झालेत. पण चिडून उपयोग नव्हता. माझी सगळी गिऱ्हाइकं ह्याच समाजातली. स्टेजवरून एकदा नाव निघालं की पुन्हा कोणी मला विश्वासानं फाइल देणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोन लेखकांनी आपापल्या फाइली परत मागितल्यासुद्धा. त्यातले एक ते गुलाबी प्राचार्य.

मूळ फाइल मी कधीच फेकत नाही. ती उघडली. बिबट्याच्या धड्याखाली कोरी जागा होती. एक अक्षर नाही. म्हणजे खरंच माझ्याच हातून काही झालं होतं? मी मुकाट्यानं पूर्ण फाइल निवडली, तशी पडद्यावर निळी पट्टी पसरली आणि त्या कोऱ्या जागेत, निळ्यावर, अक्षरं उमटली.

ती तिथंच होती. पांढऱ्या पानावर पांढऱ्या शाईत. मी सवयीप्रमाणे सगळे रंग काढले, त्यात पांढराही निघाला आणि ओळी उघड्या पडल्या.

प्रत्येक धड्याखाली त्या होत्या. कोणीतरी पूर्ण पुस्तकाला चोरून उत्तर दिलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी बसनं इंदूर आणि तिथून दुसऱ्या बसनं धार. अंग आंबून गेलं. भैयासाहेबांच्या दिवाणखान्यात मला खुर्ची मिळाली, पण बसा कोणी म्हणालं नाही.

भैयासाहेब ताठ बसले होते. डोळे गेलेले. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. म्हणून तर पुस्तक त्यांनी मोबाइलमध्ये बोलून रेकॉर्ड केलेलं आणि सून कृतिकानं ते ऐकून टाइप केलेलं. प्रस्तावनेत तसे आभार आहेत: 'चि. सौ. कृतिका हिने अस्खलित मराठीत टंकलेखन केले.'

"आमच्या पुस्तकात ही घाण कोणी ओतली, अल्पनाबाई?"

"तेच शोधायला आले आहे. माझ्याकडे यायच्या आधीच ती फाइलीत होती." पांढऱ्या अक्षरांचं मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा बदलला नाही.

"म्हणजे तात्या," ते म्हणाले. "आमचा चुलत भाऊ. देवासला असतो. जन्मभर जळत आलाय."

"पण फाइल त्यांच्याकडे गेली कशी?"

"ते तुम्ही शोधा. शनिवारपर्यंत नाव आणून द्या. नाही आणलं तर रविवारी आम्ही तुमचं घेऊ. कुत्रा म्हणाला, ते एक वेळ सोडून देऊ. पण निसरपूर..." ते थांबले. "यशराज, वाच."

यशराजदादांनी चाचरत वाचलं. धड्यात भैयासाहेब सांगतात: धरणाचं पाणी चढत होतं, मी आणि ड्रायव्हर मारुती, दोघेच निसरपूरला पोचलो, मी चिखलात उतरून एकेकाचे अश्रू पुसले. आणि खाली पांढरं उत्तर:

"गाडीतून कोणी उतरलं नाही. काच वर होती. बाहेर एक बाई पाण्यात उभी राहून हात जोडत होती. कडेवरच्या पोरीला ती गुड्डी म्हणत होती. मारुतीला गाडी वळवायला सांगितलं गेलं."

मारुती वारून खूप वर्षं झाली, एवढं यशराजदादांनी हळूच सांगितलं.

इतक्यात राजाबाई, भैयासाहेबांच्या पत्नी, पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, पावलांचा आवाज नाही. "यशराज, बाबांना म्हणावं, आधी दोन घास घ्या," त्या मुलाकडे बघत म्हणाल्या. भैयासाहेब तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मग मला म्हणाल्या, "तुम्हीही घ्या हो. लांबून आलात." तेवढं बोलून आत गेल्या. त्या घरात मला कोणी काही घ्या म्हटलं ते तेवढंच.

कृतिका दारापर्यंत सोडायला आली. बँकेत नोकरी, बोलणं भरभर. "दीदी, मी सिर्फ पेन ड्राइव्ह दीपेशला दिला होता. कंप्यूटरवाला दीपेश, चौकातला. त्यानं डिजाइन केलं. त्याला पूछा ना. मला काही माहीत नाही."

"टाइप तर तुम्हीच केलंत?"

"हो मग! मीच केलं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. इतक्या घाईनं, की माझी चप्पल आतच राहता राहता वाचली.

३

दीपेशच्या दुकानात लग्नपत्रिका, फ्लेक्स, आधार कार्डाचे झेरॉक्स, सगळं होतं. त्याचे आजोबा-पणजोबा संस्थानच्या शिंपीखान्यात होते, हे त्यानं मला आल्याबरोबर सांगितलं. इथं प्रत्येक जण आधी पणजोबा सांगतो, मग काम विचारतो.

"मॅडम, तुम्ही माझी पूरी डिजाइन उडवली," त्यानं उलट माझ्यावरच तोंड टाकलं. "पानाला वेलबुट्टी होती, हेडिंगला सावली होती."

"ती सावली काढण्यात माझे दोन दिवस गेले. आणि फॉन्ट कोणता लावला होतास? लग्नपत्रिकेचा?"

"मग? शुभ दिसतो ना."

मी कपाळाला हात लावला. पण त्याच फॉन्टनं त्याला वाचवलं. मी लॅपटॉप उघडून मूळ फाइलीचा कोड पाहिला. दीपेशनं सगळं पुस्तक एका झटक्यात निवडून त्यावर आपला फॉन्ट चढवला होता. तो पांढऱ्या ओळींवरही चढलेला होता. त्या ओळी त्यानं नंतर घातल्या असत्या, तर त्यांच्यावर हा फॉन्ट असा सरसकट बसला नसता. म्हणजे पेन ड्राइव्ह त्याच्या हातात आला, तेव्हा त्या फाइलीत होत्याच.

"तुला काही खटकलं नाही?"

"हर धड्यानंतर मोकळी जागा सोडली होती. मी म्हटलं, मोठ्या लोकांचं पुस्तक आहे, ऐसपैस हवं असेल." मग त्याला आठवलं. "खटकली ती दुसरीच चीज. हर लाइन के बाद एंटर! आणि हर परिच्छेदाच्या आधी पाच स्पेस. माझी वेलबुट्टी बसेचना. मॅडम, आजकाल असं कोण टाइप करतं?"

मी मूळ फाइल पुन्हा पहिल्या पानावर नेली.

ते एंटर मीही उपसले होते. शिव्या देत उपसले होते आणि डोकं मात्र वापरलं नव्हतं. कंप्यूटरवर ओळ भरली की शब्द आपोआप खाली जातो. एंटर कोणी दाबत नाही. ओळ संपली की हातानं पुढची ओळ आणायची आणि परिच्छेदाला पाच घरं सोडायची, ही टाइपरायटरची सवय. एकदा बोटांत बसली की मरेपर्यंत जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्या लेखकांच्या निम्म्या फाइली अशाच असतात.

मी पांढऱ्या ओळी पुन्हा पाहिल्या. त्यांच्यातही तसेच एंटर, तशाच पाच जागा. पुस्तक आणि त्याखालचं उत्तर एकाच हातानं टाइप केलेलं होतं, आणि तो हात टाइपरायटरवर शिकलेला होता.

कृतिकानं टाइपरायटर संग्रहालयातच पाहिला असेल. ती खोटं बोलत होती.

तेवढ्यात मोबाइल वाजला. ग्रुपवर तात्यासाहेबांचा मेसेज आला होता. कुत्र्याच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, "भैयाचा बिबट्या भुंकतो काय?" एवढंसं वाक्य, पण त्याआधी पाच जागा सोडलेल्या आणि मध्येच तोडून ओळ खाली आणलेली.

४

तात्यासाहेब देवासला टेकरीच्या पायथ्याशी राहतात, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कलेक्टर कचेरीत जन्मभर कारकुनी केली. कृतिकाचं माहेरही त्यांच्याच गल्लीत. सगळं जुळत होतं. सुनेनं रेकॉर्डिंग गुपचूप ह्यांच्याकडे दिलं, ह्यांनी टाइप केलं आणि खाली जाता जाता जन्माचा वचपा काढला. जिना चढताना मी मनातल्या मनात भैयासाहेबांना नाव कळवूनही टाकलं होतं.

"ये गं अल्पना, ये!" तात्यासाहेब इतके खुश होते, की मला जरा शंकाच आली. "भैयाचं पुस्तक दोनदा वाचलं. भैया असा हसवील असं वाटलं नव्हतं. भैयाला लहानपणापासून बढाया मारायची सवय. भैया एकदा विहिरीत पडला, तर घरी येऊन म्हणे भैया पोहायला शिकला!"

"ते खालचं तुम्ही लिहिलंत?"

"मी?" ते चक्क दुखावले. "मी लिहिलं असतं तर काळ्या शाईत लिहिलं असतं आणि खाली सही ठोकली असती. भैयाला मी घाबरतो काय? आणि मी माफी मागायला गेलो, हे मी होऊन कशाला लिहीन? वकिलानं मला कुत्र्यासमोर उभं केलं होतं. ती गोष्ट मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेली नाही."

"मग कोणाला ठाऊक होतं?"

"भैयाला आणि मला. दिवाणखान्यात भैयानं मला हात जोडून सांगितलं, तात्या, तू जा. तिसरं कोणीच नव्हतं."

"कोणीच नाही?"

"अगं नाही म्हणतो ना. वहिनी पोहे ठेवून गेली, बस."

"आणि निसरपूर?"

त्यांचं हसू मावळलं. "त्यातलं मला काही माहीत नाही. भैयाच्या गाडीत मी कधी बसलो नाही. भैया बसवायचा नाही."

मी वैतागून घरी आले. टाइपरायटर जुळत होता, राग जुळत होता, आणि तरी माणूस जुळत नव्हता. स्वतःची फजिती कोणी आपल्या हातानं जाहीर करत नाही. आणि निसरपूरच्या बंद काचेमागचं ज्याला ठाऊक आहे, तो गाडीत बसलेला असणार.

चहा केला, तो गार झाला. मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. भैयासाहेबांचं सगळं बाजूला काढलं आणि नुसत्या पांढऱ्या ओळी एकाखाली एक लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या.

त्यात सगळ्यांची नावं होती. निळकंठराव, तात्यासाहेब, मारुती, गुड्डी. कुत्र्याचंसुद्धा नाव होतं. फक्त ज्याच्याबद्दल हे सगळं लिहिलं होतं त्याचं नाव कुठंच नव्हतं. पुस्तकावर छापलेलं मानाजी हे नाव नाही, भैयासाहेब नाही. नाव टाळायला वाक्यं कशीही वाकवलेली, वळवलेली. 'पाठवलं होतं.' 'सांगितलं गेलं.' कोणी पाठवलं, कोणी सांगितलं, पत्ता नाही. आणि तात्यासाहेब तर 'भैया' म्हटल्याशिवाय श्वास घेत नाहीत. शत्रू असता तर त्यानं नाव चवीनं, पुन्हा पुन्हा घेतलं असतं.

नाव न घेणारी एकच व्यक्ती असते आमच्यात. माझी आई रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की मला पुढं ढकलायची. दुकानदार ओरडायचा, रांग खोळंबायची, पण तिनं उभ्या जन्मात ते नाव तोंडातून काढलं नाही. कागदावर तर नाहीच नाही.

मग मी भैयासाहेबांचं पुस्तकही चाळलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या आयुष्याचं पुस्तक, आणि त्यात राजाबाई हे नाव एकदाही नाही. 'आमच्या घरी पोहे झाले,' एवढाच काय तो उल्लेख. तात्यासाहेबांनी दिवाणखान्यात तिला मोजलं नव्हतं. आणि भैयासाहेबांनी निसरपूरच्या गाडीत 'दोघेच' मोजले होते.

मला भयंकर राग आला. त्यांचा आला, तात्यासाहेबांचा आला आणि माझाही आला. त्यांच्या घरी मला घ्या म्हणणारी ती एकटीच होती, आणि मी पोहे खाऊन तिच्याकडे न बघताच उठले होते.

५

शनिवारी मी दिवाणखान्यात न जाता मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात गेले. राजाबाई उद्यासाठी लाडू वळत होत्या. शेजारी कृतिका भाजलेलं बेसन परातीत निवत घालत होती.

"काकी, टायपिंग कुठं शिकलात?"

"आई, मी काही नाही बोलले हां!" कृतिका किंचाळलीच.

राजाबाईंनी हातातला लाडू पुरा वळून ताटात ठेवला. "इथंच, धारला. लग्नाआधी. परीक्षा पास झाले होते. नोकरीचंही चाललं होतं, मग स्थळ आलं."

"मला मराठी वाचायलाच येत नाही नीट, दीदी," कृतिका रडकुंडीला आली होती. "हिंदी मीडियम ना मी. बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, कृतिका टाइप करेल. ना कसं म्हणणार? म्हणून आईंना दिलं. बाबा दुपारी झोपले की त्या माझ्या लॅपटॉपवर बसायच्या. आणि बाबा खुश झाले, प्रस्तावनेत माझं नाव घातलं. मग तर बोलायची सोयच नाही राहिली."

"आणि खालच्या ओळी?"

"त्या मला खरंच माहीत नव्हत्या. देवाशपथ."

राजाबाई हात पुसत होत्या. "कानात तो आवाज असायचा," त्या म्हणाल्या. "बिबट्या म्हटलं की बोटं अडायची. मी समोर होते हो. मोत्याला मीच भाकरी घालून शांत केलं होतं. एकदा रंगाच्या चौकटीवर चुकून बोट पडलं आणि ओळच नाहीशी झाली. घाबरले. मग कळलं, गेली नाही, नुसती दिसत नाही. मला फार बरं वाटलं ते. मनातलं लिहायचं आणि झाकून ठेवायचं. कुणाला दुखवणं नाही, काही नाही."

"काकी, तुमचं झाकलेलं मी उघडलं. मुद्दाम नाही, पण उघडलं. उद्या भैयासाहेब स्टेजवरून माझं नाव घेणार आहेत. माझं काम बुडेल. पण तुमचं नाव मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा."

हे बोलताना मी काही थोर वगैरे नव्हते. मला रडू येत होतं आणि परत बसचे पैसे वाया गेले असंही वाटत होतं.

राजाबाईंनी पदर खोचला. "निसरपूरचं तेवढं लिहायला नको होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण ती काच बंद होती तरी ऐकू येत होतं सगळं. इतकी वर्षं ऐकू येतंय." मग त्या उठल्या आणि दिवाणखान्याकडे चालू लागल्या. मी आणि कृतिका मागं धावलो.

६

"त्या ओळी मी लिहिल्या," राजाबाई दारातूनच म्हणाल्या.

भैयासाहेबांनी मान वळवली. यशराजदादा निमंत्रितांना फोन करत होते, त्यांनी फोन तसाच बंद केला.

"तू? तुला टाइप कुठं करता येतं?"

"लग्नाआधीपासून येतं. पुस्तकही मीच टाइप केलं. सुनेला बोलणं नको, तिला मीच गप्प बसवलं होतं."

भैयासाहेबांचे हात काठी शोधू लागले. ओरडणार, असं मला वाटलं. यशराजदादांनाही वाटलं असावं, ते मध्ये येऊन उभे राहिले. पण भैयासाहेबांनी विचारलं ते भलतंच.

"पांढऱ्या अक्षरात का?"

"इकडच्या नजरेस पडू नये म्हणून."

"अगं," ते म्हणाले, "मला काळंही दिसत नाही."

राजाबाई गोंधळल्या. इतके महिने रोज त्यांचा हात धरून अंगणात नेणारी बाई. आणि हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. लिहिताना समोर तेच जुने डोळे असणार, जन्मभर ज्यांचा धाक वाटला ते.

"निसरपूरला तू गाडीत होतीस?" भैयासाहेबांनी विचारलं.

"मागच्या बाकावर. परतताना मांडवला देवाला जायचं ठरलं होतं, म्हणून सोबत घेतलं होतं."

"मला आठवत नाही."

"ठाऊक आहे मला," राजाबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला ऐकवेना. मी खिडकीबाहेर बघू लागले.

भैयासाहेबांनी यशराजदादांकडून मोबाइल मागून घेतला. ग्रुपवर आवाजी निरोप टाकायचा होता. नेहमीच्या आवाजाला अडखळायची सवय नव्हती, तो दोनदा अडखळला. "आमच्या पुस्तकातली सगळी अक्षरं आमच्या घरचीच आहेत. अल्पनाबाईंनी एकही वाढवलेलं नाही. त्यांना कोणी बोल लावू नये." मग मोबाइल खाली ठेवून म्हणाले, "उद्या स्टेजवरूनही सांगतो. आता वाचून दाखव. खालचं सगळं वाच."

राजाबाई वाचायला बसल्या. मोत्यापाशी येताच ते उसळले, "बिबट्याच होता तो!" राजाबाई थांबल्या नाहीत. विहिरीचं वाचलं, बढतीचं वाचलं, आपल्या माहेरच्या बैलगाडीचं वाचलं. प्रत्येकाला भैयासाहेबांची हरकत होती आणि प्रत्येक हरकतीला राजाबाईंकडे उत्तर होतं. यशराजदादा आणि कृतिका तोंडाकडे बघत राहिले. आईबाबांना भांडताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. निसरपूर आलं तसा राजाबाईंचा आवाज बारीक झाला, पण त्यांनी तेही पूर्ण वाचलं. त्यावर हरकत आली नाही.

माझी शेवटची बस निघायची होती. लेखकांच्या घरच्या गोष्टीत किती वेळ बसणार? मी लॅपटॉप उघडला आणि कामाचं विचारलं. "उद्याच्या आत पुस्तक बदलून टाकते. काय काय काढू, ते सांगा."

"बिबट्याखालच्या दोन ओळी काढा," भैयासाहेब म्हणाले.

"काढू नका," राजाबाई म्हणाल्या.

भैयासाहेबांनी नुसता हात उडवला. त्या ओळी राहिल्या असं धरून मी पुढं गेले. "आणि निसरपूरचं?"

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. काठी भिंतीला लावून ठेवली.

"तिथलं खालचं राहू द्या," ते म्हणाले. "वरचं माझं काढा."

मी राजाबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली. मग मी तिथंच बसून त्यांचा तो धडा काढून टाकला आणि खालच्या ओळी तेवढ्या राहू दिल्या.